चौकटीचं माप

काचेच्या दुकानात पोरगी कामाला लागली म्हणजे बोटं कापून घेणार, रडणार आणि लवकरच पळ काढणार, असं तिच्या घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं. पोरीने बोटं कापून घेतली, पण उरलेल्या दोन गोष्टी तिला काही जमल्या नाहीत. दुकान तिच्या आत्याचं. शाळेच्या सुट्टीत मदतीला म्हणून आलेली भाची कॉलेज संपवून एकवीस वर्षांची झाली तरी तिथेच होती, आणि आता तर दुकानातली सगळी काच तीच कापायची. अंगाने उंच आणि सडसडीत, हातात कायम मोजपट्टी. गल्लीने तिचं नाव फुटपट्टी ठेवलं. सुरुवातीला ती या नावावरून फुरंगटायची. मग एके दिवशी तिने स्वतःच रंगाने ते आपल्या चहाच्या कपावर लिहून टाकलं आणि चिडवणाऱ्यांची हवाच काढून घेतली.

आत्याचा आवाज बसका, बांधा रुंद आणि नियम दोनच. पण ते मोडले तर ती जेवणाचा डबासुद्धा उघडू द्यायची नाही. पहिला नियम काच उचलण्याचा. मोठी काच दोघांनी उचलायची आणि एकदा उचलली की तोंडाला कुलूप लावायचं नाही. पुढच्याने सांगत राहायचं, पायरी आहे, उंबरा आहे, डावीकडे खांब आहे. ठेवताना "सोडू?" असं विचारायचं, आणि समोरचा "सोड" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. मग नाकाला खाज सुटो नाहीतर शिंक येवो.

दुसरा नियम मापाचा. काच कधी चौकटीएवढी कापत नाहीत. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आक्रसतं, आणि घट्ट बसवलेली काच मग एखाद्या दुपारी कुणी हात न लावता तडकते. म्हणून चारी बाजूंनी थोडं मार्जिन सोडायचं. पण ते सोडायचं एकानेच. माप घेणाऱ्याने चौकट जशी आहे तशी सांगायची. त्यातून वजा काय करायचं ते कापणाऱ्याने बघायचं. या नियमाला कारण विचारलं की आत्या म्हणायची, "दोघं शहाणे झाले की काच वाया जाते." तिने असली काच वाया गेलेली पाहिली असणार, कारण हे सांगताना तिचा चेहरा पडायचा.

चौकटी यायच्या गल्लीच्या टोकावरच्या सुतारखान्यातून. तिथला तरुण सुतार फुटपट्टीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, कानावर पेन्सिल आणि केसांत कायम लाकडाचा भुसा. "भुसा डोक्यावर आहे तोवर ठीक आहे," आत्या त्याला ऐकवायची, "डोक्यात गेला की माझ्याकडे येऊ नकोस." तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच भुसा घेऊन यायचा.

पहिल्यांदा दोघांनी मिळून काच उचलली तेव्हा तो पुढे होता, ती मागे. नियमाप्रमाणे तो बोलायला लागला आणि थांबेचना. "पायरी. अजून एक पायरी. उजवीकडे मांजर. मांजर उठलं. मांजर विचार करतंय. आता मांजर डावीकडे." ती इतकी हसली की काच थरथरली आणि दारातून आत्या ओरडली. काच जागेवर पोचली तेव्हा फुटपट्टीचं काही खरं राहिलं नव्हतं. त्यानंतर त्याने आत्याला दुकानाबाहेर ठेवायला एक लाकडी बाक करून दिला. बाक आत्यासाठी होता म्हणे. संध्याकाळी त्यावर कोण बसायचं ते मात्र सगळी गल्ली बघत होती.

आता कुणी असं समजू नये की फुटपट्टी अर्धवट प्रेमात पडली होती. ती सपशेल पडली होती. तो यायच्या वेळेला तिची मान आपोआप रस्त्याकडे वळायची. तो काम करताना गुणगुणायचा आणि त्याला सूर म्हणून माहीत नव्हता, तरी ते बेसूर गाणं कानावर पडलं नाही तर तिचा दिवस आळणी जायचा. बाकावर त्याच्या खांद्याला खांदा लावून बसावं, त्याच्या खरखरीत बोटांत आपली बोटं असावीत, त्याने काहीबाही बडबडावं आणि आपण डोकं टेकून ऐकावं. असं म्हातारं होईपर्यंत चाललं तरी तिला चालणार होतं. पुढे कधीतरी एक घर असावं आणि त्याला एक चांगली मोठी खिडकी असावी, इथपर्यंत तिची मजल गेली होती.

एवढं सगळं तिला हवं होतं. याच्या पलीकडचं मात्र नको होतं.

कॉलेजात मैत्रिणी कुणाच्या दंडांबद्दल, कुणाच्या ओठांबद्दल बोलायच्या तेव्हा ही मान डोलवायची. तिला वाटायचं, ही बोलायची एक पद्धत आहे; भुकेने मेले म्हणतात, पण मरत कुणी नाही, तसं. एकदा तिच्या लक्षात आलं की या पोरी खरंच बोलतायत, खरंच त्यांना असं काहीतरी होतं, आणि ती तोंडात बोट घालून बसली. तिला ते कधीच झालं नव्हतं. कुणी तिला दुखावलेलं नव्हतं, कसला धक्का बसलेला नव्हता, शिसारी किंवा भीतीही नव्हती. तिचा जीव जडायचा, चांगला घट्ट जडायचा, पण देहाची ती ओढ तिला लागायचीच नाही. पुढे फोनवर वाचता वाचता तिला शब्द सापडला, असेक्शुअल. जगात अशी पुष्कळ माणसं आहेत आणि त्यांचं बरं चाललंय, हे वाचून तिला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तिने न सांगता दुकानातल्या सगळ्या काचा पुसून काढल्या. आत्याने विचारलं, काय फोडलंस?

हे सुताराला ठाऊक नव्हतं, आणि सगळा घोळ इथेच होता. एका रविवारी ती सुतारखान्यात त्याच्याशेजारी बसली होती. त्याने तिच्या केसांतला लाकडाचा छिलका काढला, तो जरासा थांबला आणि पुढे झुकला. ती ताडकन उभी राहिली.

"मला दुकानात जायला हवं," ती म्हणाली.

"आज दुकान बंद असतं ना?"

"म्हणून तर," ती म्हणाली आणि चालू पडली.

घरी पोचेपर्यंत तिला स्वतःचंच हसू आलं आणि मग रडू आलं. तो काही वाईट वागला नव्हता. आपल्याला जे वाटतं तेच हिलाही वाटत असणार, असं त्याने धरलं होतं आणि दहातल्या नऊ मुलींच्या बाबतीत ते बरोबरही निघालं असतं. पण आज ना उद्या तो पुन्हा झुकणार. तेव्हा काय सांगायचं? दुकानाचं निमित्त काही कायम पुरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्या ओल्या दगडाने काचेच्या कडा घासत होती. फुटपट्टी पाण्याचं भांडं धरून बसली आणि बराच वेळ ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "त्याच्यात काही खोट निघाली का?"

"नाही."

"मग तुझ्यात?"

"खोट नाही," फुटपट्टी म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. आधी अडखळत, मग भराभर. आत्या कडा घासत राहिली. मध्येच तिने दगड पाण्यात बुडवला आणि तो वर काढायचा विसरली.

"मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी असलं कुणी बोलत नव्हतं. तुझे आतोबा आणि मी... जाऊ दे ते. पण तू खोटं बोलत नाहीस एवढं मला ठाऊक आहे. पुढे हे बदलेल का?"

"वाटत नाही. आणि बदलावं असंही वाटत नाही."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं आणि तो गेला तर?"

"जाईल कदाचित," आत्या म्हणाली. तिला खोटा धीर देता येत नसे. "पण न सांगता राहिला तर तो तुझ्यापाशी राहिला का? त्याच्या मनातल्या कुठल्यातरी दुसऱ्याच पोरीपाशी राहिला म्हणायचा. सांगून टाक बाई. भिजत घोंगडं ठेवू नकोस."

सांगायचं ठरलं, पण जमेना. बाकावर बसून त्याच्या तोंडाकडे बघितलं की ती भलतंच काहीतरी बोलायची. शेवटी तिला हवा तो मोका मिळाला तो एका नृत्याच्या क्लासात. वरच्या मजल्यावर भिंतीएवढा आरसा न्यायचा होता. जिना अरुंद, आरसा जड. तो पुढून उलट्या पावलांनी चढत होता, ती खालून, आणि मध्ये आरसा असा तिरका धरलेला की कुणालाच कुणाचा चेहरा दिसेना. हात अडकलेले. पळून जायची सोय नाही. तिने ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"पायरी," तो म्हणाला.

"मला चुंबन वगैरे नको असतं," ती म्हणाली.

"पाय—" तो म्हणाला आणि गप्प झाला. आत्याचा पहिला नियम त्याने आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

"बोल ना, पुढे काय आहे?" तिने खालून विचारलं.

"भिंत आहे," तो म्हणाला. "टेकवू या जरा."

वळणावरच्या सपाट जागेत त्यांनी आरसा भिंतीला टेकवला. दोघंही त्याला धरून उभे राहिले. त्याने कानावरची पेन्सिल चाचपली, जणू पेन्सिलीलाच काही झालं असावं.

"माझं नको, की कुणाचंच?" त्याने विचारलं.

"कुणाचंच. आणि त्याच्या पुढचंही काही नाही. आत्ता नाही, नंतरही नाही. हा काही आजार नाही आणि तू काही केलं नाहीस. मी अशीच आहे." ती थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. "पण तू मला हवा आहेस. तू मला खूप हवा आहेस. हे दोन्ही खरं आहे."

वरून नृत्यशिक्षिकेने हाक मारली, आरसा येतोय की नाही म्हणून.

"येतोय," सुतार ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मला जरा हे डोक्यात बसू दे."

त्यांनी आरसा वर नेला. उरलेल्या सगळ्या पायऱ्या त्याने न चुकता सांगितल्या, पण मांजर एकदाही आलं नाही. भिंतीशी आरसा उभा केल्यावर त्याने विचारलं, "सोडू?" हजारदा ऐकलेला शब्द, पण त्या दिवशी उत्तर द्यायला तिला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशीही आला. रोज संध्याकाळी येतच राहिला आणि नेमकी इथेच दोघांची फसगत झाली. कारण येत असला तरी तो आता बाकाच्या पार त्या टोकाला बसायचा. पूर्वी चहाचा कप तो तिच्या हातातून घ्यायचा; आता ती तो बाकावर ठेवेपर्यंत थांबायचा आणि मग उचलायचा. दारात समोरासमोर आले की अंग चोरून बाजूला व्हायचा. बोलायचा गोड, अगदी पाहुण्यासारखा. तो निघून जायला लागलाय, फक्त सभ्य माणूस असल्यामुळे सावकाश जातोय, असं तिने मनाशी पक्कं केलं. मग त्याला जाणं सोपं पडावं म्हणून तीही बाकाच्या या टोकाला सरकली. डोकं टेकणं बंद. हात मांडीवर, घडी घातलेले. मधल्या जागेत आधी दोन कप बसायचे, मग कप आणि बशी, मग पुट्टीचा डबासुद्धा मावायला लागला.

आत्याने दारातून एकदा हे दृश्य बघितलं. "मध्ये एक माणूस आरामात बसेल," ती म्हणाली. "मी येऊ का?" दोघंही हसले, आणि कुणीच सरकलं नाही.

फुटपट्टी काम करायची, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सांगून चूक केली असं तिला वाटत नव्हतं. खरं सांगितल्याचं बरंच वाटत होतं. पण शेजारी बसलेल्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते, हे तिला नवीन होतं. एका दुपारी काच कापताना एक थेंब टपकन काचेवर पडला. तिने तो फडक्याने पुसला आणि पुन्हा काच कापायचं चाक फिरवलं.

अशात वाचनालयाचं काम निघालं. तिथली रस्त्याकडची मोठी खिडकी सडली होती, सुताराने नवी चौकट करून बसवली होती आणि तिला एकसंध काच हवी होती. एरवी तो अशा वेळी दुकानात अर्धा तास ठाण मांडायचा, माप सांगता सांगता ग्रंथपाल बाईंची नक्कल करायचा. या वेळी तो दारातच उभा राहिला, लांबी-रुंदीचे दोन आकडे सांगितले, "बरं का" म्हणाला आणि गेला. तिने ते आकडे ऐकले, त्यातून मार्जिन वजा केलं आणि काच कापली. तिचा हात असा की कड धाग्यासारखी सरळ आली. तिने ती घासली, पुसली आणि मनातल्या मनात म्हटलं, निदान हे तरी नीट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी काच वाचनालयात नेली. ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर सरकवून बघायला उभ्या होत्या. काच खाचेत उभी केली, सुताराने पट्टी ठोकायला हातोडी उचलली, आणि फुटपट्टीने सहज तळवा लावला तर काच एका बाजूला सर्रकन घसरली. दुसऱ्या बाजूला चांगली बोटभर फट पडली. त्या फटीतून रस्त्यावरचा वारा आत आला आणि बाईंच्या टेबलावरचे कागद उडाले.

"अशीच असते का ही?" बाईंनी विचारलं.

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

त्याने चौकट मोजली. तिने काच मोजली. मग अदलाबदल करून पुन्हा मोजलं. चौकटीत चूक नव्हती आणि काच त्याने सांगितलेल्या आकड्यातून मार्जिन वजा जाता अगदी बरोबर होती.

"तू मला काय माप सांगितलंस?" तिने विचारलं.

"काच कापायची तेच."

"काचेचं? चौकटीचं नाही?"

"चौकटीतून मार्जिन काढून सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, तुला आधीच त्रास, त्यात आणखी हिशोब कशाला. तेवढंच तुझं काम कमी."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मीही काढलं. मी नेहमीच काढते. तुला माहीत आहे मी काढते."

"हो, पण मला वाटलं..."

"तुला वाटलं. मग विचारायचं नाही? माझ्या वाटणीचं तू वजा करायला कुणी सांगितलं होतं?" तिचा आवाज चढला. एका काचेसाठी एवढं संतापायचं कारण नव्हतं, हे तिलाच कळत होतं. ग्रंथपाल बाई कागद गोळा करायच्या निमित्ताने दोन पावलं लांब गेल्या आणि कान इकडेच ठेवून राहिल्या.

फुटपट्टी खिडकीच्या कठड्यावर बसली. फटीतून वारा तिच्या पाठीला लागत होता. आणि एकाएकी ती हसायला लागली, अगदी त्या पहिल्या दिवसासारखी.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"काचेचं राहू दे," ती म्हणाली. "तू बाकाच्या त्या टोकाला का बसतोस?"

तो गोंधळला. हातातली हातोडी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "तुला नको असतं ना. अंगाला अंग लागणं वगैरे. तू सांगितलंस."

"मी असं सांगितलं? मी चुंबन म्हटलं. त्याच्या पुढचं म्हटलं. खांदा कुठे म्हटला? हात कुठे म्हटला?"

"मला वाटलं, तेही तू माझ्यासाठी चालवून घेत असशील. म्हणून मीच लांब सरकलो. आणि मग तू पण सरकलीस, तेव्हा मला खात्रीच पटली."

"तू चाललायस असं वाटून मी सरकले," ती म्हणाली. "तुला सोपं जावं म्हणून."

मग सुतार मटकन तिच्याशेजारी बसला. "म्हणजे आपण दोघांनी..."

"दोघांनी," ती म्हणाली. "आत्याला कळलं तर डबा उघडू द्यायची नाही."

"आता चौकट सांग," तो म्हणाला. "काढून नको, पुरती सांग."

आणि तिने सांगितली. हात हवा, रोज हवा. खांदा हवा. थंडीत पाठीला पाठ लावून बसायला तिला आवडेल. मिठी चालेल, आवडेलही, पण तिच्यातून पुढची वाट काढायची नाही. ओठ नकोत. अंथरुणातलं ते सगळं नको, आणि एक दिवस हवंसं वाटेल अशी वाट बघत कुणी बसलेलंही नको. तिला त्याच्याबरोबर घर हवं, भांडणं हवीत, त्याचं बेसूर गाणं हवं. एवढं बोलून तिचे कान लाल झाले, पण मागे काही उरलं नाही.

"आणि तुझी?" तिने विचारलं. सगळं इथेच ठरणार होतं.

सुताराने हातोडी खाली ठेवली. "मला ते हवंसं वाटतं," तो म्हणाला. "नाही म्हटलं तर खोटं होईल. पुढेही वाटेल. गेले इतके दिवस मी हेच डोक्यात घोळवतोय, की ते नसेल तर मला चालेल का. आणि दर वेळी मी कुठे पोचतो माहीत आहे? त्या बाकावर. तू शेजारी नसलीस की ते बाकीचं असून मी करू काय? बाक मी काही तुझ्या आत्यासाठी केला नव्हता."

"सगळ्या गल्लीला माहीत आहे ते."

"मला जड जाईल तेव्हा मी तुला सांगेन. लांब सरकणार नाही. तुलाही काही नको झालं तर तू सांग. गालाचं काय?"

"गाल?" तिने विचार केला. खरोखरच विचार केला, डोळे बारीक करून, माप घेताना करते तसा. "गाल चालेल. विचारून."

"दर वेळी विचारायचं?"

"काच ठेवताना दर वेळी विचारतोसच की. कंटाळलास का कधी?"

"नाही," तो म्हणाला. "विचारू?"

तिने होकाराची मान हलवली. त्याने तिच्या गालाला ओठ लावले, हलकेच, आणि भुसा तिच्या नाकात गेला. ती शिंकली. ग्रंथपाल बाई कपाटाआडून म्हणाल्या, "तुमचं झालं असेल तर माझ्या खिडकीचं बघा. वारा लागतोय."

नवी काच त्याच दिवशी कापली. या वेळी सुताराने चौकटीचं माप सांगितलं आणि अगदी तोंड मिटून उभा राहिला. काच बसली ती अशी की बाईंनी दोनदा टिचकी मारून बघितली. आत्याला मात्र सगळी हकीकत सांगावी लागली, कारण वाया गेलेली काच लपवायला जागा नव्हती. तिने दोघांना भरपूर झापलं. मग चहा टाकला. "नुसती काच गेली ना?" तिने भाचीला हळूच विचारलं. "नुसती काच," भाची म्हणाली, आणि आत्याने एवढं मोठं आयुष्य काढून शिकलेला खडूसपणा क्षणभर बाजूला ठेवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

ती काच वाया गेली नाहीच म्हणा. सुताराने ती उचलून नेली आणि आठवडाभर कुणाला सुतारखान्यात येऊ दिलं नाही. मग फुटपट्टीला बोलावलं. त्याने त्या काचेसाठी चौकट केली होती. आजवर चौकट आधी व्हायची आणि काच तिच्या मापाने; या वेळी त्याने काच मोजली, चारी बाजूंनी मार्जिन सोडलं आणि लाकूड तिच्या मापाने कापलं. खिडकी भिंतीला टेकून उभी होती. कुठे लावायची तिला काही ठिकाण नव्हतं.

"हिचं काय करायचं?" फुटपट्टीने विचारलं.

"खिडकी तर झाली," तो म्हणाला. "घर बघू सावकाश."

त्या संध्याकाळी पुट्टीचा डबा बाकावरून खाली गेला. कप एका बाजूला आणि दोघं दुसऱ्या बाजूला बसले. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर, तिची बोटं त्याच्या बोटांत. तो गुणगुणत होता आणि गल्लीतल्या कुत्र्यांनाही ते सहन होत नव्हतं. समोरून मांजर गेलं. "मांजर," तो म्हणाला. "मांजर आपल्याकडे बघतंय. मांजराला आपलं पटलेलं दिसतंय." ती डोळे मिटून ऐकत राहिली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि यात कुठे काही कमी आहे असं शोधूनही सापडत नव्हतं.

आतून आत्याचा बसका आवाज आला. शटर ओढायची वेळ झाली होती आणि ते एकटीला ओढवत नव्हतं.

"आलो, आत्या," सुतार म्हणाला. मग त्याने फुटपट्टीकडे बघितलं. तिचा हात त्याच्या हातात होता.

"सोडू?" त्याने विचारलं.

तिला ऐकू गेलं होतं. पण ती काही बोलली नाही. आणि समोरचा बोलल्याशिवाय हात काढायचा नाही, हा नियम तर आत्यानेच घालून दिलेला होता.